जमिनीवरच्या सोलरसाठी अ‍ॅल्युमिनियम स्ट्रक्चर: कुठे घ्यावं, कुठे नको

शेतात किंवा घरामागच्या मोकळ्या जागेत तीन ते दहा किलोवॉटचं सोलर लावायचं म्हटलं की हल्ली कोटेशनमध्ये हमखास एक पर्याय असतो: ‘फुल अ‍ॅल्युमिनियम, गंजाची कटकट नाही’. गंजाचं खरं आहे. तरीही जमिनीवरच्या कामासाठी आमचं मत ठाम आहे. पाय हॉट डिप जीआयचे (म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या लोखंडाचे) आणि त्यावरचे रेल, म्हणजे पॅनल ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या, अ‍ॅल्युमिनियमचे, हा जोड बहुतेकांना पुरतो आणि परवडतो. खालपासून वरपर्यंत अ‍ॅल्युमिनियम घ्यायचं ते किनारपट्टीलाच.

कारण साधं आहे. अ‍ॅल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या जेमतेम तिसरा हिस्सा, पण त्याचा ताठपणाही तिसरा हिस्साच. म्हणजे त्याच मापाचा पाय त्याच वाऱ्यात तिप्पट लवतो. गच्चीवर किंवा पत्र्यावर हलकेपणा कामाचा असतो, कारण खालच्या इमारतीवर भार नको असतो. जमिनीला त्या हलकेपणाचा काही उपयोग नाही. दुसरं म्हणजे ओलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, ते उघडं अ‍ॅल्युमिनियम खातं. पाय थेट काँक्रीटमध्ये गाडणारा कारागीर दिसला तर काम तिथेच थांबवा. बेसप्लेट आणि फाउंडेशन बोल्ट हवेत, प्लेटखाली रबर पॅड किंवा बिट्युमेनचा (डांबराचा) थर हवा.

रेलचा माल घेताना चकाकीवर जाऊ नका. मिश्रधातूचा नंबर आणि टेम्पर (धातू किती कडक केला आहे ते सांगणारा ‘टी’चा आकडा) दोन्ही विचारा: ६०६३-टी६ चालतो, ६००५-टी५ किंवा ६०६१-टी६ अधिक मजबूत. नुसतं ‘६०६३’ लिहिलेलं असेल तर ते अर्धवट, कारण तोच धातू टी५ मध्ये बराच कमी ताण सोसतो. टेस्ट सर्टिफिकेट मागा, पण खरी परीक्षा वजनकाट्यावर. ड्रॉइंगमध्ये रेलचं वजन मीटरला एक किलो दिलं असेल तर ४.२ मीटरची लांबी ४.२ किलो भरली पाहिजे. दीड मिलिमीटरच्या जागी १.२ ची भिंत डोळ्यांना कळत नाही, काट्यावर लगेच कळते.

पायांमधलं अंतर हा या कोटेशनचा सगळ्यात कच्चा दुवा. पैसे वाचवायला पाय कमी केले जातात आणि रेल लांब अंतरावर टेकतो. रेलचा झोल अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो: २ मीटरऐवजी अडीच केलं तर सुमारे अडीच पट, ३ केलं तर पाच पट. रेल लवला की क्लॅम्पखालची (पॅनल रेलवर धरणाऱ्या पकडीखालची) काच ताण घेते आणि सेलमध्ये बारीक तडे जातात. ते वरून दिसत नाहीत, युनिट मात्र घटतात.

आता वारा. वाऱ्याच्या भारासाठीच्या आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे पुणे-नाशिकला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, मुंबई-नागपूरला ४४. उंची-उतार सोडून ढोबळ हिशेब केला तरी ३९ ला चौरस मीटरमागे सुमारे ९३ किलो, ४४ ला ११८ किलो दाब येतो. ५५० वॉटच्या दहा पॅनलचं क्षेत्रफळ साधारण २६ चौरस मीटर, म्हणजे ३९ च्या भागातही वरच्या दिशेने सुमारे २.४ टनांची ओढ धरून चालावं लागतं. पॅनलचं स्वतःचं वजन मात्र २८० किलोच्या आसपास. आठ पाय असतील तर प्रत्येकाला ३०० किलो धरून ठेवायचेत. एक फूट व्यासाचा, तीन फूट खोल गोल पाया भरतो १६० किलो, उरलेली पकड मातीची. मुरमात ती मिळते. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात माती आक्रसून काँक्रीटपासून सुटते, आणि वळवाचं वादळ नेमकं तेव्हाच येतं. तिथे भेगांच्या खाली जाणारा खोल पाया घ्या, शक्य तर तळाशी फुगीर केलेला.

उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पहाटेच्या थंडीत १० अंश आणि मे महिन्यात दुपारी ६० अंश धातू धरला तर १२ मीटरचा अखंड रेल सुमारे १४ मिलिमीटर लांबतो. म्हणून लांब ओळीत मध्ये फट ठेवतात. त्या फटीवर पॅनल आडवं टाकू नका, नाहीतर दोन्ही रेल मिळून त्याची फ्रेम ओढतात.

नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्यावेत, पण स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर इम्पॅक्ट मशीनने दामटला की आटे एकमेकांत रुततात. मग ना कसला जातो, ना सुटतो, कापावाच लागतो. आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा, हाताने फिरवून बसवा, शेवटी टॉर्क पान्याने पॅनलच्या मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच कसा. एंड क्लॅम्प (ओळीच्या टोकाच्या पॅनलची पकड) फ्रेमच्या उंचीचाच हवा; ३० मिलिमीटरच्या फ्रेमला ३५ चा क्लॅम्प बसला तर तो तिरपा धरतो आणि वाऱ्यात निसटतो.

अर्थिंगमध्ये एक गोष्ट फार जण विसरतात. अ‍ॅल्युमिनियमवर गंजरोधक म्हणून चढवलेला अ‍ॅनोडाइज्ड थर विजेला अडवतो, त्यामुळे नुसतं घट्ट बसवलं म्हणजे जोडणी झाली असं नाही. थराला टोचणारे दाते असलेले वॉशर लावा आणि मल्टिमीटरने पॅनलच्या फ्रेमपासून अर्थ पट्टीपर्यंत रेझिस्टन्स तपासा. उघडी तांब्याची वायर अ‍ॅल्युमिनियमला थेट लावली तर पावसाळ्यात जोडाभोवती पांढरी भुकटी धरते आणि धातू झिजतो. टिन केलेला लग (वायरच्या टोकाला बसवायचा, कथिलाचा थर दिलेला जोड) वापरा.

चोरीचाही विचार करा. अ‍ॅल्युमिनियमला भंगारात लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव आहे. वस्तीपासून लांब शेत असेल तर डोकं तुटणारे शिअर नट निदान बाहेरच्या रांगेला लावा.

कोकणात आणि गोव्यात समीकरण बदलतं. खाऱ्या हवेत जीआयला साइटवर भोक पाडलं की तिथूनच गंज सुरू होतो, म्हणून तिथे पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे जादा पैसे वसूल होतात. अट एवढीच: अ‍ॅनोडायझिंग किमान १५ मायक्रॉन, बोल्ट एसएस ३१६ या प्रकारच्या स्टेनलेसचे, आणि पायांचं माप मोठं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते कोकणाजवळून गेलं. तेव्हा किनाऱ्यावर ४४ पेक्षा कमी वेगावर काढलेलं डिझाइन स्वीकारू नका, आणि हिशेबाचं पान सहीसकट ऑर्डरला जोडून घ्या.