म्हापशातली पार्सल सेवा : साडेतीन तारे आणि एक गळालेलं शून्य

म्हापशात बाजारापासून पाच मिनिटांवर परदेशी पार्सलं घेणारं एक दुकान आहे. नाव लिहीत नाही. थोडी तक्रार करायची आहे, आणि काउंटरवरच्या पोरीशी आता माझी चांगली ओळखही झाली आहे. गेल्या वर्षी मी तिथून अमेरिकेला दोन पार्सलं पाठवली, एक चतुर्थीच्या आधी आणि एक दिवाळीला. दोन्हींचा अनुभव इतका वेगळा की कुणाला वाटावं, दुकानच बदललं.

आधी पॅकिंग, कारण ते नंबर एक आहे. धाकट्या लेकीला नेवऱ्या, खाजें, सोलां, आंब्याचं साट आणि काजूगर पाठवायचे होते. नेवऱ्या घरून स्टीलच्या डब्यात भरून नेल्या होत्या. पोरीने डबा उघडून बघितला नि म्हणाली, "काका, ह्यांचो चुरो जातलो." प्रत्येक थरामध्ये तिने बटर पेपर घातला, वरच्या रिकाम्या जागेत कागदाचे बोळे कोंबले आणि डबा हलवून कानाला लावला. आवाज आला नाही तेव्हाच टेप मारली. सोलांना तीन पिशव्या. खोबरेल तेलाची बाटली मात्र तिने हसत परत दिली. बायकोचा चेहरा पडला, पण तेल सांडून सगळ्या पार्सलाचा सत्यानाश होण्यापेक्षा ते बरं.

आता पैसे. इथे नवा माणूस हमखास गडबडतो. माझा खोका काट्यावर चार किलो आठशे भरला. बिल आलं साडेसात किलोचं. मी एकतीस वर्षं बसवर कंडक्टर होतो, हिशेबात सहजी गंडत नाही, म्हणून विचारलं. तिने टेप घेऊन खोका मोजून दाखवला : ४० बाय ३० बाय ३० सेंटीमीटर. गुणाकार ३६,०००, भागिले ५,०००, आले ७.२, आणि ते वर साडेसातावर नेतात. विमानात जागेला भाडं असतं, म्हणून खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त ते लावायचं. सगळ्याच कुरियरांची ही रीत आहे. दुसऱ्या वेळी मी खोका कापून लहान करून घेतला आणि दीड किलोचे पैसे वाचवले. तुम्हीही तसंच करा.

मग तक्रार कसली, तर पत्त्याची.

माझं गाव केरी. गोव्यात केरी म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला : "खंयचें केरी?" कारण केऱ्या तीन. पेडण्यातली समुद्रावरची, तेरेखोलच्या फेरीबोटीची. फोंड्यातली, विजयादुर्गेच्या देवळाची. आणि आमची सत्तरीतली, चोर्ल्याच्या घाटाखालची. एकदा एक पाहुणा डोक्यावर हॅट आणि खांद्यावर टॉवेल टाकून माझ्या बसमधून आमच्या केरीत उतरला आणि वाघेरीच्या डोंगराकडे बघून समुद्र कुठल्या बाजूला म्हणून विचारायला लागला. चूक त्याचीच, तिकीट काढताना त्याने नुसतं केरी सांगितलं होतं. पण त्या दिवसापासून तिकीट फाडण्याआधी तालुका विचारायची मला सवय लागली. आपल्या पत्त्यात गावापुढे तालुका येतो आणि काम निभावतं.

अमेरिकेच्या पत्त्यात तालुका नसतो. काउंटी नावाचा त्यांचा तालुका असतो, पण पाकिटावर लिहायची पद्धत नाही. घर नंबर, रस्ता, गाव, राज्य, झिप कोड म्हणजे त्यांचा पिनकोड, संपलं. आणि गावांची नावं बघाल तर आपल्या केऱ्या काहीच नाहीत.

लेक राहते न्यू जर्सीत, फ्रँकलिन टाऊनशिपमध्ये. टाऊनशिप म्हणजे तिकडे वसाहत नव्हे, अख्खं गाव. न्यू जर्सी हे अमेरिकेतल्या लहान राज्यांपैकी एक. तेवढ्यात फ्रँकलिन टाऊनशिप चार : सॉमरसेट, ग्लॉस्टर, हंटरडन आणि वॉरेन काउंटीत एकेक. शिवाय ससेक्स काउंटीत नुसतं फ्रँकलिन. लेकीचं सॉमरसेटमधलं मोठं, ६८ हजारांच्या वर वस्तीचं. हंटरडन आणि वॉरेनमधली तीन-तीन हजारांच्या आसपासची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या पंचायतीएवढी. वॉशिंग्टन टाऊनशिप तर पाच आहेत, त्यांतल्या बर्लिंग्टन काउंटीतल्या वॉशिंग्टनात हजार माणसंही राहत नाहीत. आणखी एक सहावं होतं मर्सर काउंटीत. नावाच्या घोळाला कंटाळून तिथल्या लोकांनी २००७ साली मत देऊन नाव बदलून घेतलं. तेच रॉबिन्सव्हिल, जिथे २०२३ साली अक्षरधामचं मोठं मंदिर उघडलं.

यावर तिथल्या पोस्टाचा जुना तोडगा असा की एका राज्यात एका नावाचं एकच पोस्ट ऑफिस. त्यामुळे गाव एक आणि पोस्टाचं नाव भलतंच, असं सर्रास होतं. लेक घरपट्टी भरते फ्रँकलिन टाऊनशिपला, पण टपाल येतं 'सॉमरसेट, ०८८७३' या पत्त्यावर. पोस्टाच्या लेखी न्यू जर्सीतलं फ्रँकलिन म्हणजे एकच, ससेक्समधलं, ०७४१६. ज्या बेंजामिन फ्रँकलिनच्या नावाची गावं त्या देशात जागोजागी आहेत, तो १७७५ साली तिथला पहिला पोस्टमास्टर जनरल होता. आता काय म्हणायचं!

मी लेकीने पाठवलेला पत्ता कागदावर लिहून नेला होता. गावाच्या जागी तिने 'फ्रँकलिन टाऊनशिप' लिहिलं होतं, ही तिची चूक. पण झिप बरोबर होता, ०८८७३. दुकानाने ग्राहकांचे पत्ते एक्सेलच्या तक्त्यात घालून ठेवायची पद्धत लावली होती, आणि एक्सेल आकड्याच्या सुरुवातीचं शून्य खातं. उरलं ८८७३. आपल्या पिनकोडची सुरुवात शून्याने कधी होतच नाही, गोव्याचे सगळे ४०३ ने सुरू होतात, म्हणून इथे कुणाला ते खटकलं नाही. न्यू जर्सीचे सगळे मात्र ०७ नाहीतर ०८ ने सुरू होतात. पुढच्या सिस्टीमला चार आकडी झिप कळेना, तेव्हा तिने गावाच्या नावावरून स्वतःच ०७४१६ भरून टाकला. माझ्या पावतीवरही तेच छापलं होतं. मी चष्मा न लावता सही केली, हेही सांगितलं पाहिजे.

आठ दिवसांत पोचणारं पार्सल दहाव्या दिवशी 'अपूर्ण पत्ता' दाखवून थांबलं. लेकीचा रस्ता त्या फ्रँकलिनात नव्हताच. मी दुकानात तीन खेपा घातल्या. पहिल्या दोन्ही वेळा मालकाने "सिस्टीममध्ये दाखवतंय, येईल" एवढंच ऐकवलं. तिसऱ्या वेळी पोरीने माझा हाताने लिहिलेला कागद आणि छापील पावती शेजारी शेजारी ठेवली, दोन्ही आकड्यांवर बोट फिरवलं आणि गप्प झाली. मग म्हणाली, "काका, शून्य पडलां." तिथूनच तिने फोन लावून पार्सल परत फिरायच्या आत थांबवलं. चतुर्थी तोवर होऊन गेली होती.

शेवटी लेक आणि जावई तासाभराहून जास्त गाडी चालवून ते घेऊन आले. नेवऱ्या शाबूत होत्या, एकही फुटली नव्हती. गाव बघून लेकीने फोन केला, "बाबा, हे तर डिचोलीसारखं आहे." डिचोली म्हणजे आमच्या गोव्यातलं खाणींचं गाव. त्या फ्रँकलिनात जस्ताची खाण होती, १९५४ साली बंद पडली. आता त्या खाणीतल्या दगडांचं संग्रहालय आहे, अंधारात जांभळ्या दिव्याखाली दगड हिरवे-तांबडे चमकतात. नातवाने त्यातला एक विकत घेतला आणि आजोबांच्या पार्सलामुळे मिळाला म्हणून सगळ्यांना सांगत सुटला. आमच्याकडच्या खाणी बंद पडल्या तेव्हा दुरुस्तीची वाट बघणारे ट्रक राहिले, दगड कुणी विकत घेतले नाहीत.

दुकानाने पैसे परत दिले नाहीत. मालकाने पुढच्या पार्सलावर दहा टक्के सोडले, तेही पोरीने आठवण केल्यावर.

दिवाळीचं पार्सल सातव्या दिवशी बरोबर दारात पोचलं. या वेळी मी पाय ठेवताच पोरीने विचारलं, "खंयचें फ्रँकलिन?" झिपच्या रकान्याला तिने आता आकड्याऐवजी अक्षरांचा प्रकार लावला आहे, म्हणजे शून्य टिकतं. लेबल छापून चिकटवण्याआधी ग्राहकाकडून मोठ्याने वाचून घेते.

पॅकिंगला पाच तारे, पोरीला पाच, दराला तीन, मालकाला एक. जाणार असाल तर शुक्रवारी जाऊ नका, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही. दुपारी दीड ते साडेतीन शटर खाली असतं. आणि चष्मा घेऊन जा.