कॉम्प्रेसरवर दुरून नजर: उत्पादकाची सेवा घ्यावी की स्वतःचा गेटवे बसवावा?

भोसरी किंवा चाकणमधल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात एखादे सीएनसी मशीन बंद पडले तर एका जॉबचा खोळंबा होतो. यंत्रांना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद पडला तर सगळा कारखाना हाताची घडी घालून बसतो. एवढे असूनही त्याची जागा मागच्या पत्र्याच्या शेडमध्येच असते. ऑपरेटर पाळीत दोनदा तिथे जाऊन प्रेशर आणि तापमान रजिस्टरमध्ये लिहितो, आणि घाईत असला की शेडपर्यंत न जाताच कालचा आकडा आज उतरवतो. हे यंत्र सॉफ्टवेअरच्या साहाय्याने दुरून पाहायचे ठरवले, की दोन वाटा समोर येतात: कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कंपनीची दूरस्थ सेवा घेणे, किंवा बाजारातला गेटवे (यंत्रातले आकडे वाचून इंटरनेटवर पाठवणारी पेटी) बसवून आपली व्यवस्था आपणच उभी करणे. आमच्या देखभाल विभागात दोन्ही व्यवस्था वेगवेगळ्या स्क्रू कॉम्प्रेसरवर चालू आहेत, म्हणून ही तुलना त्या यंत्रापुरतीच ठेवली आहे.

उत्पादकाच्या सेवेची खरी ताकद अशी, की कंट्रोलर, म्हणजे यंत्र सांभाळणारा छोटा संगणक, त्यांचाच असतो. अ‍ॅटलास कॉपकोची स्मार्टलिंक किंवा एल्गीची एअर अलर्ट यांसारख्या सेवा यंत्राच्या कंट्रोलरमधूनच माहिती उचलतात. चालू तास, लोड तास (प्रत्यक्ष हवा दिल्याचे तास), एअर एन्डचे म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाचे तापमान, फॉल्ट कोड असे आकडे त्यात असतात, आणि त्या आकड्यांचा अर्थ लावणारा माणूसही तेच यंत्र रोज उघडणारा असतो. याचा फायदा ब्रेकडाऊनच्या दिवशी कळतो. तापमान वाढल्याचा आलेख आधीच पाहिलेला सर्व्हिस इंजिनिअर येताना थर्मल व्हॉल्व्हचे किट बरोबर घेऊन येतो; एरवी पहिली फेरी निदानाची, दुसरी सुट्या भागाची, असे दोन दिवस जातात. यंत्र वॉरंटीत असेल तर हा मुद्दा आणखी वजनदार ठरतो, कारण बाहेरचे उपकरण कंट्रोलरला जोडले म्हणून पुढे वाद नको असेल, तर तशी लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

स्वतःच्या गेटवेचे आकर्षण वेगळे आहे. दोन कंपन्यांचे कॉम्प्रेसर, तिसऱ्याचा हवेतला ओलावा काढणारा ड्रायर आणि मेन लाइनवरचा एनर्जी मीटर हे सगळे एकाच पडद्यावर आणता येते. यातील बहुतेक उपकरणे मॉडबस ही यंत्रांनी आपसात आकडे पाठवण्याची 1979 पासूनची भाषा बोलतात, आणि ती वाहून नेणारी आरएस-485 ची दोन तारांची जोडी सुमारे 1,200 मीटरपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे वायरिंगचा खर्च फार नसतो. सिमच्या डेटाची धास्तीही अनाठायी आहे. दर दहा सेकंदांना 300 बाइटचा एक संदेश धरला, तर दिवसाला 8,640 संदेश आणि महिन्याला 80 एमबीच्या आत काम भागते. गेटवे मात्र 4जी चा घ्यावा, कारण केवळ 2जी वर चालणाऱ्या मोडेममध्ये जिओचे सिम चालणारच नाही.

कष्ट लागतात ते पुढे. कंट्रोलरच्या स्मृतीतल्या कोणत्या घरात (रजिस्टरमध्ये) कोणता आकडा आहे याचा तक्ता उत्पादकाकडून मिळवावा लागतो, काही यंत्रांत मॉडबसचे कार्ड वेगळे विकत घ्यावे लागते, आणि तक्ता हाती आला तरी एका घराची चूक झाली की तापमानाच्या जागी चालू तास दिसू लागतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी पडद्यावर 68 बार प्रेशर झळकले आणि यंत्र मात्र 6.8 बारवर निवांत चालले होते. कंट्रोलर दशांश चिन्हाऐवजी दहापट आकडा पाठवतो, ही गोष्ट मॅन्युअलच्या तळटीपेत होती. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलशेजारून सिग्नलची तार नेल्यामुळे अधूनमधून वाचन गायब होत असे. ती तार वेगळ्या ट्रेमधून नेऊन तिच्यावरच्या धातूच्या आवरणाला (शील्डला) एकाच टोकाला अर्थिंग दिल्यावर ते थांबले. असे काम करणारा इलेक्ट्रिशियन आपल्या पगारपत्रकावर नसेल, तर स्वस्त वाटणारा गेटवे वर्षभरात महाग पडतो.

यातून मिळते काय, हे आकड्यांत पाहणे उचित ठरेल. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड असताना हवा देत नाही, तरीही पूर्ण भाराच्या साधारण 25 ते 40 टक्के वीज खातो. 37 किलोवॅटचे यंत्र रोज चार तास अनलोड फिरत असेल आणि त्या वेळी 11 किलोवॅट घेत असेल, तर 25 दिवसांत 1,100 युनिट वाया जातात. युनिटला नऊ रुपये धरले तरी महिन्याचे 9,900 रुपये. गळतीचा हिशेब यापेक्षा बोलका आहे. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी सर्व मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवावा आणि लोड-अनलोडच्या वेळा पाहाव्यात. दोन मिनिटे लोड आणि सहा मिनिटे अनलोड असे चक्र दिसले, तर क्षमतेच्या 25 टक्के हवा फिटिंग आणि होजमधून सुटते आहे, आणि देखभाल नीट नसलेल्या कारखान्यांत 20 ते 30 टक्के गळती नवलाची नाही. ही चाचणी दोन्ही व्यवस्थांत करता येते, मात्र उत्पादकाच्या काही पॅकेजमध्ये महिन्याची बेरीजच मिळते आणि मिनिटामिनिटाचा आलेख वरच्या दराच्या पॅकेजमध्ये असतो. कोटेशनमध्ये हे आवर्जून तपासावे.

माझ्या मते निर्णय पडद्याच्या देखणेपणावर घेऊ नये, तर इशारा आल्यावर उठणार कोण यावर घ्यावा. एका सेवेच्या करारात चोवीस तास निरीक्षण असे ठळक लिहिले होते, पण रविवारी दुपारी गेलेल्या इशाऱ्यावर फोन सोमवारी सकाळी आला. करार पुन्हा वाचल्यावर निरीक्षण चोवीस तास आणि प्रतिसाद कामाच्या वेळेत, असा फरक आढळला. आमच्या स्वतःच्या व्यवस्थेची गतही फार वेगळी नव्हती. एप्रिलमधल्या एका रात्री सव्वादोनला 106 अंशांचा इशारा तिघांच्या मोबाइलवर पोचला, प्रत्येकाने दुसरा पाहील असे गृहीत धरले, आणि पावणेतीनला यंत्र 110 अंशांवर ट्रिप होऊन आपोआप बंद पडले. कूलर धुळीने चोकअप झाला होता. मागचा आलेख उघडला तेव्हा तीन आठवड्यांत तापमान 84 वरून 95 पर्यंत चढत गेलेले स्पष्ट दिसत होते. तेव्हापासून इशारा एकाच व्यक्तीला जातो, तिने दहा मिनिटांत स्वीकारला नाही तर पुढच्याला जातो, आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी बसून आलेख पाहतो.

दुरून यंत्र सुरू करण्याची सोय दोन्हीकडे देऊ केली जाते. ती मी बंदच ठेवतो. शेडमध्ये कोणी बेल्टगार्ड काढून काम करत असताना कार्यालयातून स्टार्ट दाबला जाणे ही कल्पनाही नको. मेन स्विचला कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, हा नियम सॉफ्टवेअरमुळे सैल होता कामा नये. मॉडबसमध्ये पासवर्डच नाही, त्यामुळे राउटरवर बाहेरून आत येणारा पोर्ट उघडून देणे म्हणजे शेडचे दार रस्त्याकडे उघडे टाकणे होय. गेटवेने फक्त आतून बाहेर संपर्क साधावा. उत्पादकाची पेटी स्वतःच्या सिमवर चालत असेल तर कार्यालयाचे नेटवर्क आपोआप अलग राहते, ही तिची जमेची बाजू.

माहितीची मालकी हा मुद्दा विक्रेता स्वतःहून काढत नाही. उत्पादकाचा करार संपला की मागचे आकडे फाइलरूपात मिळणार का, हे आधी विचारावे. स्वतःची व्यवस्था असली म्हणून माणूस निर्धास्त होतो असेही नाही. गूगलने यंत्रांकडून आलेली माहिती गोळा करणारी आपली आयओटी कोअर ही सेवा 16 ऑगस्ट 2023 रोजी बंद केली तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या सर्वांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागले. रोजच्या नोंदींची एक प्रत आपल्या संगणकावर उतरवून घेणे हाच त्यावरचा साधा उपाय.

एकाच कंपनीची एक-दोन यंत्रे असतील आणि ती वॉरंटीत किंवा एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) असतील, तर उत्पादकाची सेवा घ्यावी, असे मी सांगेन. यंत्रे मिश्र कंपन्यांची, चार-पाचच्या वर आणि वॉरंटीबाहेरची असतील व घरचा जाणता इलेक्ट्रिशियन असेल, तर गेटवे बसवावा. ऑर्डर देण्याआधी डेमोत अँटेना तासभर काढून ठेवायला सांगावे, आणि पुन्हा लावल्यावर त्या तासाचा आलेख भरून येतो की रिकामा राहतो ते पाहावे, कारण पत्र्याच्या शेडमध्ये रेंज जातेच. एका विक्रेत्याने आम्ही सांगण्यापूर्वीच अँटेना काढून खिशात घातला होता. दुसरा गेटवे आम्ही त्याच्याकडूनच घेतला.