एजंटला ब्राउझरचं नेटवर्क दाखवायचं: प्लेराइट, क्रोम डेव्हटूल्स की एचएआर फाइल?

ब्राउझर चालवणारा एआय एजंट बहुतेक वेळा पानावर जे दिसतं त्यावरूनच ठरवतो. 'सेव्ह' दाबलं, हिरवी पट्टी आली, की काम झालं असं तो कळवतो. प्रत्यक्षात सर्व्हरने बदल साठवण्याच्या त्या पॅच रिक्वेस्टला 422, म्हणजे नकाराचा कोड, दिलेला असतो आणि फ्रंटएंडने तो मुकाट्याने गिळलेला असतो. पान रीलोड केलं की जुनाच डेटा परत. म्हणून एजंटला नेटवर्क, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली देवाणघेवाण, दिसायलाच हवं, यावर मी ठाम आहे. कोणत्या साधनातून, हे मात्र कामावर अवलंबून आहे.

बहुतेकांसमोर पर्याय येतात ते दोन एमसीपी सर्व्हरचे (एमसीपी म्हणजे एआय एजंटला बाहेरची साधनं जोडायची ठरावीक पद्धत): मायक्रोसॉफ्टचा प्लेराइट एमसीपी आणि गूगलच्या क्रोम टीमचा क्रोम डेव्हटूल्स एमसीपी. प्लेराइट हे कोडमधून ब्राउझर चालवायचं साधन, तर डेव्हटूल्स ही क्रोममधलीच तपासणीची साधनं. दोन्ही 2025 मधले. फक्त क्रोममध्ये बग शोधायचा असेल तर मी डेव्हटूल्स एमसीपी घेईन. कारण त्याची दोन पायऱ्यांची रचना. आधी रिक्वेस्टची यादी मिळते, ती प्रकारानुसार गाळता येते आणि पानापानाने मागवता येते. त्यातली हवी ती रिक्वेस्ट आयडी देऊन उघडली की हेडर (सोबतची माहिती) आणि बॉडी (मुख्य मजकूर) दिसते. एजंटसाठी हे फार मोलाचं आहे. साध्या दिसणाऱ्या पानावरही फॉन्ट, चित्रं, ट्रॅकर धरून रिक्वेस्टचा आकडा शंभराच्या पुढे सहज जातो. तो सगळा ढीग एजंटच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेल एका वेळी जे वाचतं त्यात, ओतला तर मूळ प्रश्नच मागे पडतो.

बॉडी का लागते, ते ग्राफक्यूएल (डेटा मागवायची एक क्वेरी भाषा) वापरणाऱ्या साइटवर लगेच कळतं. यादीत एकाच पत्त्यावरच्या पोस्ट रिक्वेस्ट एकाखाली एक, सगळ्यांचा स्टेटस 200, म्हणजे 'यशस्वी'. अयशस्वी झालेली त्यातली कोणती, हे यादीवरून ओळखता येत नाही, कारण चूक रिस्पॉन्सच्या आत 'एरर्स' या कीखाली असते. एजंटला "स्टेटस तपास" एवढंच सांगितलं तर तो सगळं ठीक असल्याचा निर्वाळा देईल.

प्लेराइट एमसीपीही पान लोड झाल्यापासूनच्या रिक्वेस्टची यादी देतो. तिच्यात किती तपशील मिळतो हे आवृत्तीनुसार बदलत आलं आहे, तेव्हा बसवलेल्या आवृत्तीत टूलचं वर्णन काय आहे ते आधी वाचा. त्याची खरी ताकद वेगळीकडे आहे: क्रोमियमसोबत (क्रोमचा पाया) फायरफॉक्स आणि वेबकिटही (सफारीचं इंजिन) चालतं. शिवाय एजंटला कोड लिहायला परवानगी असेल तर एमसीपी बाजूला ठेवून सरळ प्लेराइटची स्क्रिप्ट लिहू द्यावी, मला तोच मार्ग जास्त आवडतो. फक्त नेमका रिस्पॉन्स हवा तो गाळून घेता येतो आणि तीच स्क्रिप्ट पुढे टेस्ट म्हणून उरते. यात एजंट हमखास दोन ठिकाणी घसरतात. 'वेट फॉर रिस्पॉन्स' क्लिकच्या आधी लावावं लागतं. क्लिक पूर्ण झाल्यावर लावलं तर रिस्पॉन्स तोवर येऊन गेलेला असू शकतो. आणि 'रिक्वेस्ट फेल्ड' हा इव्हेंट 404 किंवा 503 अशा एरर कोडला येत नाही. सर्व्हरचं उत्तर मिळालं म्हणजे प्लेराइटच्या लेखी रिक्वेस्ट पूर्ण झाली. तो इव्हेंट जोडणी तुटली किंवा रिक्वेस्ट रद्द झाली तरच येतो.

दोन्ही एमसीपींची एक अडचण सारखी आहे. यादी मुळात चालू पानापुरती असते. लॉगिनचा फॉर्म पाठवला आणि साइटने दुसऱ्या पानावर नेलं, की जी पोस्ट रिक्वेस्ट बघायची होती तीच यादीतून गेलेली असते. डेव्हटूल्स एमसीपीत मागच्या काही नेव्हिगेशनच्या रिक्वेस्ट मागवायची सोय आहे, पण एजंट ती आपणहून वापरेल असं धरून चालू नका, सूचनेत लिहा.

अशा लांब प्रवाहासाठी एचएआर फाइल, म्हणजे ब्राउझरच्या सगळ्या रिक्वेस्ट-रिस्पॉन्सची जेसन नोंद, बरी. प्लेराइटमध्ये ब्राउझर कॉन्टेक्स्ट (ब्राउझरचं स्वतंत्र सेशन) बनवतानाच रेकॉर्डिंग चालू करता येतं, पत्त्याचा फिल्टर लावता येतो, बॉडी वगळताही येते. फाइल लिहिली जाते ती कॉन्टेक्स्ट बंद झाल्यावर. एजंटची प्रोसेस मध्येच मारली तर हाती काही लागत नाही. अख्खी फाइल मॉडेलला वाचायला देऊ नका, जेक्यू या जेसन गाळणाऱ्या कमांडने हव्या त्या नोंदी काढून द्या.

एचएआरबद्दल मला खरी काळजी वाटते ती सुरक्षेची. तिच्यात कुकी आणि ऑथरायझेशन टोकन जसेच्या तसे असू शकतात. 2023 मध्ये लॉगिन सेवा पुरवणाऱ्या ऑक्टा कंपनीच्या सपोर्ट सिस्टिममधून ग्राहकांनी अपलोड केलेल्या एचएआर फाइली चोरीला गेल्या आणि त्यांतल्या सेशन टोकनवरून काही ग्राहकांची सेशन ताब्यात घेतली गेली. एजंटने वाचलेले हेडरही मॉडेलच्या सेवेकडे जातात, त्यामुळे हाच धोका एमसीपीतही आहे. चाचणीचं खातं आणि वेगळं प्रोफाइल वापरा. रोजच्या लॉगिन असलेल्या क्रोमला एजंट जोडू नका.

मिटमप्रॉक्सीसारखी प्रॉक्सी (मध्ये बसून सगळी रहदारी बघणारं साधन) तेव्हाच घ्या, जेव्हा रहदारी ब्राउझरबाहेरचीही बघायची आहे. तिचं सर्टिफिकेट बसवावं लागतं, आणि कोणत्या क्लिकमुळे कोणती रिक्वेस्ट गेली हे ती सांगत नाही. ते वेळेवरून जुळवत बसावं लागतं.