तळ्याचं पाणी प्यायचं कसं: फिल्टर की गोळ्या?

एका दिवसात डोंगरातलं तळं गाठून परतायचं, तर सगळं पाणी घरूनच का नेऊ नये? लिटरमागे एक किलो, म्हणून. चढावर अर्धं पाणी न्यावं, उरलेलं तळ्यावर भरून घ्यावं, इथवर बहुतेकांचं एकमत असतं. पुढे पिशवीत पाणी भरून पिळायचा छोटा फिल्टर घ्यायचा की क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या, यावर वाद सुरू होतो. मी दोन्ही वापरलंय.

गोळ्यांचं कौतुक आधी करतो. वजन जवळजवळ शून्य, बिघडण्यासारखं काही नाही, आणि ०.१ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टरमधून सुटणारे विषाणूही त्या मारतात. तळ्याच्या वरच्या अंगाला माणसांचा मुक्काम असेल, तर हा मुद्दा हलका नाही. निर्जन रानात मात्र मला जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) या पोट बिघडवणाऱ्या सूक्ष्म परजीवींची काळजी जास्त वाटते. आयोडीनच्या जुन्या गोळ्या क्रिप्टोवर भरवशाच्या नाहीत, तेव्हा त्या यादीतूनच काढा.

माझं घोडं अडलं ते वाट बघण्यावर. जिवाणूंसाठी अर्धा तास पुरतो, पण क्रिप्टोसाठी पाकिटावर चार तास लिहिलेले असतात, आणि पाणी थंड असलं की रसायनाचं काम आणखी मंदावतं. उंच डोंगरातलं तळं म्हणजे बऱ्याचदा वितळलेल्या बर्फाचं पाणी. दुपारी बारा वाजता तिथे पोचलात, गोळी टाकलीत, तर ते पाणी पिण्याजोगं होईस्तोवर चार वाजतात. दुपारनंतर ढग जमायच्या आत खाली उतरायचं असतं, म्हणजे घसा कोरडा आणि पाठीवर भरलेली बाटली, अशीच उतरण. मुक्कामाच्या ट्रेकला गोळी रात्री टाकून झोपता येतं. एका दिवसाच्या फेरीत ती सोय नाही. त्यात झाकण किंचित सैल करून आट्यांवरूनही औषधाचं पाणी ओघळू द्यायचं, हे लक्षात ठेवावं लागतं ते वेगळंच.

फिल्टर भरला, पिळला, प्यायलो. क्रिप्टो ४ ते ६ मायक्रॉनचा, त्यामुळे तो जाळीत अडकतोच. कटकटी आहेत, नाही असं नाही. झऱ्याखाली पिशवी पटकन भरते. तळ्याच्या स्थिर पाण्यात ती चपटीच राहते आणि हात तळाला लागून गाळ उठतो. त्यावर उपाय म्हणजे रुंद तोंडाचा पेला जवळ ठेवणे, किंवा तळ्यातून ओढा बाहेर पडतो तिथे भरणे. दुसरी गोष्ट गंभीर आहे: वापरलेला फिल्टर एकदा गोठला की आतल्या गाळणाऱ्या बारीक नळ्या फाटू शकतात आणि बाहेरून काही कळत नाही. थंडीत तो सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नको, अंगावरच्या खिशात हवा.

पाण्यावर हिरवी-निळी साय दिसली तर दोन्ही निरुपयोगी. त्यातलं विष ना गाळून जातं ना गोळीने. तिथे पाणी भरूच नये.

तुमची चाल निवांत असेल, तळ्याकाठी अर्धा दिवस लोळायचा बेत असेल, तर गोळ्या तुम्हाला कदाचित खुपणार नाहीत. मी फिल्टर नेतो, आणि तो फुटलाच तर म्हणून दोन गोळ्या प्रथमोपचाराच्या डबीत पडलेल्या असतात.