बांदोलची रेड की पिकपूल द पिनेची व्हाइट?

दक्षिण फ्रान्सच्या या दोन वाइन एकाच मापाने जोखू नयेत.

पिकपूल द पिने ही लांगदोकमधली, समुद्रालगतच्या खाऱ्या सरोवराकाठची व्हाइट, निव्वळ पिकपूल द्राक्षाची. 8-10 अंशांवर गार करून प्यायची. लिंबाचा वास, हलकी खारट झाक आणि घोटानंतर तोंडाला सुटणारं पाणी. त्यावरूनच तिची आम्लता ओळखावी. त्याच सरोवरातल्या कालवांबरोबर ती छान जुळते. वर्षानुवर्षं साठवण्यात मात्र अर्थ नाही.

बांदोलला वेळ द्यावा लागतो. प्रोव्हान्सच्या किनाऱ्यावरच्या या रेडमध्ये निम्मं तरी मूरवेद्र द्राक्ष असतं आणि ती किमान 18 महिने लाकडी पिंपात मुरते. कोवळ्या बाटलीतलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरटपणा, हिरड्या आवळून धरतं. तेवढ्यावरून तिला नापास करणं हा अन्याय आहे. तासभर आधी रुंद भांड्यात ओतून ठेवा. मग ग्लास फिरवला की काळ्या बेरी, चामडं, रानातली सुकी झुडपं असे वास एकेक करून वर येतात. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, ते नीट पाहा.

जेवणाआधी पिकपूल उत्तम. पण मटणासोबत, किंवा 10 वर्षं जपून ठेवायला एकच बाटली घ्यायची, तर मी बांदोलच घेईन.