बटण बंद, लाइट चालू: शाहूपुरीतल्या एका वायरमनबद्दल

नाव-नंबर कुठं टाकायचा नाही, असं मामांनीच बजावलंय. हातातली कामंच उरकत नाहीत म्हणे. म्हणून इथं नुसतं ‘मामा’.

आम्ही कोल्हापुरातल्या शाहूपुरी कुंभार गल्लीतले. जून लागला की चतुर्थीपर्यंत आमच्या खालच्या खोलीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काम चालतं. माझ्याकडं आखणी असते, म्हणजे गणपतीचे डोळे. ट्यूबच्या उजेडात भुवईची रेघ जाड व्हायला लागली, तेव्हा यंदा ट्यूब काढून छताला 18 वॅटचे दोन एलईडी पॅनेल लावले. उजेड एक नंबर. पण रात्री बटण बंद करून झोपायला निघालं की दोन्ही पॅनेल मिणमिणत राहायचे. काजव्यापेक्षा जरा जास्त, एवढंच. खाली ओळीनं मूर्ती आणि वर तो फिकट उजेड. आत्ती म्हणाल्या, “देव जागा हाय, असू दे.”

जिथनं पॅनेल घेतले त्या दुकानदारानं “पीस खराब असणार” म्हणून बदलून दिले. नवेही तसेच. परत बदलले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की खराब पीस मीच. मग एक जण घरी येऊन गेला. छताकडं मान वर करून दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, सगळं वायरिंग बदलायला लागतंय, 22 हजार. चतुर्थी दीड महिन्यावर, घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि हा भिंती फोडायच्या गोष्टी करतोय.

मामा सांगितल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा आले. आल्यावर वर बघितलंच नाही. आधी विचारलं, “ट्यूब होती तवा असं व्हायचं काय?” नाही. “हा बोर्ड कधी बसवला?” 2019 ला, पुरानंतर. त्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं होतं. पाणी उतरल्यावर सगळे बोर्ड चिखलानं भरलेले. अख्ख्या गल्लीला एकदमच वायरमन पाहिजे होता. जो मिळाला त्याच्याकडून उरकून घेतलं. मामा नुसतं “हां” म्हणाले. त्याच बोर्डावरच्या प्लगचं बटण बंद केलं आणि डाव्या भोकात टेस्टर घातला. टेस्टर पेटला, म्हणजे तिथं फेज, करंट घेऊन येणारी वायर.

“वैनी, फेज उजवीकडं पाहिजे. आणि बटण बंद केल्यावर दोन्हीकडं नको.”

तरी त्यांचा टेस्टरवर भरवसा नाही. शेजारनं जाणाऱ्या वायरीच्या नुसत्या संगतीनंही तो मिणमिणतो, म्हणाले. पिशवीतनं होल्डरला दोन लांब वायरी जोडलेला जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब काढला. मागच्या खोलीतल्या प्लगातनं न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, ओढून आणला, दुसरं टोक पॅनेलच्या वायरीला टेकवलं. बोर्डावरचं बटण बंदच होतं. बल्ब भक्कन पेटला, पुरा.

झालं होतं असं, की बोर्डात येणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. फेज थेट छताला गेलेला आणि बटणावर आलेला न्यूट्रल. म्हणजे बटण बंद केलं की लाइट जायचा, पण 230 व्होल्ट वर तसेच उभे. वायरी एकाच पाइपातनं चिकटून जातात, वर भिंतीला ओल. त्यातनं किंचित करंट झिरपत राहतो. ट्यूबला तेवढ्यानं काही होत नाही. एलईडीला तेवढाही पुरतो. आमचे सहाही पॅनेल चांगलेच होते, ते बिचारे चुगली करत होते.

हे ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला. 2019 पासून दर वर्षी गौरी-गणपतीच्या आधी मी स्टुलावर चढून ट्यूब आणि पंखा पुसत आलेय, ओल्या फडक्यानं. बटण बंद करून, शहाणपणानं! दोनदा बोटांना मुंग्या आल्या होत्या. आत्ती म्हणालेल्या, उपास जास्त करतीस, अशक्तपणा आलाय. मी हे सांगितल्यावर मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

“पायात काय होतं?”

“रबरी चप्पल.”

“आणि स्टूल?”

“लाकडी.”

पुढं काही बोलले नाहीत. कप उचलला.

दुरुस्तीला अर्धा तासही लागला नाही. मेन बंद केला, बोर्ड उघडला, तर आत सगळ्याच वायरी लाल! पुरानंतर आलेल्यानं एकाच बंडलात सगळं भागवलेलं. न्यूट्रल काळा असायला पाहिजे, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. मामांनी एकेक वायर ओळखून न्यूट्रलच्या टोकाला काळी टेप गुंडाळली आणि बोर्डात येणारी जोडी अदलून बसवली. मेन चालू केल्यावर परत डाव्या भोकात टेस्टर: काही नाही. रात्री पॅनेल बंद केले, खोलीत मिट्ट काळोख.

शेजारच्या वहिनींकडंही एलईडी असाच मिणमिणतो म्हणून त्यांनी मामांना ओढत नेलं. तिथं वायरिंग बरोबर निघालं. त्यांच्या बटणाला तो बारका लाल दिवा आहे, बंद असताना पेटणारा. त्याच्यातनं जाणारा करंट एलईडीला मिळत होता. साधं बटण बसवलं, काम झालं.

जाता जाता जिन्याचाही लाइट बघितला. खालचं बटण वरच्या बटणाच्या मर्जीवर चालायचं, वरचं एका बाजूला असेल तरच. टू-वे बटणाला तीन पॉइंट असतात. मधल्यावरची वायर कुणीतरी कडेला लावली होती. तो कुणीतरी म्हणजे आमचे हे. चेहरा बघण्यासारखा झालेला.

एकूण 500 रुपये घेतले. मीटरजवळ 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारं बटण, बसवा म्हणाले, तीही पुढच्या आठवड्यात बसवून घेतली. नुसत्या एमसीबीनं, म्हणजे लोड जास्त झाला की पडणाऱ्या बटणानं, माणसाला बसणारा शॉक थांबत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तक्रारी आहेतच. फोन उचलत नाहीत, निरोप चहाच्या गाड्यावर ठेवायला लागतो. बिल मागितलं तर हसतात. आणि जिन्याचा बोर्ड खोलताना प्लास्टरची भुकटी उडाली ती नेमकी ताज्या रंगवलेल्या दोन फुटी मूर्तीवर. सोंड परत घासून रंगवायला लागली. पाचातला एक तारा कापलाय तो त्या सोंडेचा.