थर्सो ईस्टच्या गार पाण्यातला सहा मिलिमीटरचा वेटसूट: दोन हिवाळ्यांनंतरचा अभिप्राय

हा वेटसूट, म्हणजे गार पाण्यात सर्फिंग करताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, मी गेले दोन हिवाळे जवळजवळ एकाच लाटेवर वापरला आहे, त्यामुळे त्या लाटेची ओळख करून दिल्याशिवाय सूटबद्दल लिहिणे अपुरे राहील. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, केथनेस भागात, थर्सो हे गाव आहे. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर याच्याहून उत्तरेला दुसरे शहर नाही. थर्सो नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे पूर्वेच्या अंगाला, पडक्या थर्सो किल्ल्यासमोर सपाट कातळाची एक प्रशस्त पायरी पाण्याखाली पसरलेली आहे. आइसलंड आणि नॉर्वेच्या दरम्यान खोल वादळ बसले की तिथून निघालेला वायव्येचा किंवा उत्तरेचा स्वेल, म्हणजे दूरवरून येणाऱ्या लाटांची रांग, या कातळावर चढतो आणि उजवीकडे नदीच्या मुखाच्या दिशेने धावणारी, लांब आणि पोकळ लाट उभी राहते. सर्फर मंडळी तिला थर्सो ईस्ट म्हणतात. २००६ पासून काही वर्षे ओनील या सर्फिंगचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा इथे भरत असे, आणि त्या काळात या लाटेचे नाव जगभर पोहोचले.

ही लाट नवशिक्यांसाठी नाही, हे मी आधीच स्पष्ट लिहिते. मी सर्फिंग शिकले गोव्यात, वाळूच्या तळावर, कोमट पाण्यात, अंगात फक्त पातळ लायक्राचा शर्ट घालून. तिथे पडले तरी पायाखाली वाळू असायची आणि पाण्यातून बाहेर यावेसेच वाटायचे नाही. थर्सोला तळाशी केथनेसचा तो प्रसिद्ध फरशीचा दगड आहे, ज्याच्या लाद्या एकेकाळी इथून जहाजांनी दूरदूरच्या शहरांत जात. त्यावर केल्प या समुद्री शेवाळाचे चामड्यासारखे जाड पट्टे वाढलेले असतात. कातळ सपाट असल्यामुळे लाट सरळ आणि अंदाज घेता येईल अशी फुटते, पण ओहोटीला तो पृष्ठभागाच्या फार जवळ येतो, आणि चुकीच्या क्षणी पडणाऱ्याला तो क्षमा करत नाही. नदी पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीच्या, दलदलीतून वाहत येते, म्हणून मुखाजवळचे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे असते आणि खाली किती खोली आहे ते दिसत नाही. कोकणात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला मतलई म्हणतात. इथे तेच काम दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा वारा करतो, आणि तो असला की लाटेचा चेहरा काचेसारखा घोटला जातो. मात्र असा वारा, योग्य स्वेल आणि योग्य भरती हे तिन्ही हिवाळ्यातल्या जेमतेम सहा-सात तासांच्या उजेडात एकत्र जुळून यावे लागतात. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात, आणि मोठे रुग्णालय विकला, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटरवर आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये इथले पाणी सहा ते सात अंशांवर येते. एवढ्या पाण्यात शरीर तापवत ठेवणे ही सुखसोयीची बाब राहत नाही, कारण थंडी सर्वांत आधी हातांची पकड आणि त्यामागोमाग माणसाची निर्णयशक्ती घेते, आणि या लाटेवर दोन्हीची गरज टेकऑफच्या, म्हणजे लाट पकडून बोर्डावर उभे राहण्याच्या, एका क्षणात एकत्र पडते. म्हणून मी सूटची पारख एकाच प्रश्नावर करते: पाण्यात उतरल्यानंतर दुसऱ्या तासात मी पहिल्या तासाइतकाच नीट विचार करू शकते का?

सूट ६/५/४ जाडीचा आहे, म्हणजे धडाला सहा, पायांना पाच आणि हातांना चार मिलिमीटर. टोपी गळ्याला कायमची जोडलेली आहे आणि चेन छातीवर आडवी आहे. सूटचे निओप्रीन हे रबर गरम ठेवते ते त्याच्या आत कोंडलेल्या वायूच्या असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांमुळे. आत शिरलेले पाणी अंगाच्या उबेने तापते आणि मग तेच आपल्याला ऊब देते, अशी जी समजूत ऐकू येते तिच्यात फारसा अर्थ नाही. पाणी जितके कमी आत येईल तितके चांगले, आणि आलेले पाणी जागच्या जागी राहिले पाहिजे, ते सारखे बदलत राहता कामा नये. याच कारणाने शिवणीला जाडीइतकेच महत्त्व आहे. या सूटच्या शिवणी आधी चिकटवून मग अशा टाक्यांनी शिवल्या आहेत की सुई कापडाच्या आरपार जात नाही, आणि मोक्याच्या जागी आतून द्रवरूप रबराची पट्टी फिरवली आहे. छातीला आणि पाठीला आत लोकरीसारखे दिसणारे मऊ अस्तर आहे, जे पाण्यातून बाहेर आल्यावर लवकर निथळते.

पहिल्या हिवाळ्यात सूटने माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले काम केले. सात अंशांच्या पाण्यात दीड तास लाइनअपमध्ये, म्हणजे लाटा फुटतात त्याच्या पलीकडे, बसून, सेटची, म्हणजे मोठ्या लाटांच्या पुढच्या गटाची, वाट पाहून, पुन्हा वल्हवत परत जाऊनही धड आणि मांड्या उबदार राहिल्या. पाठीवर चेन असलेल्या माझ्या जुन्या सूटमध्ये प्रत्येक डक डाइव्हला, म्हणजे बोर्ड दाबून लाटेखालून जाताना, मणक्यावरून गार पाण्याची एक ओळ खाली उतरायची, आणि तासाभरात त्या ओळीनेच मला बाहेर काढलेले असायचे. छातीवरच्या चेनमध्ये हा त्रास जवळजवळ संपला. जोडलेल्या टोपीचाही यात मोठा वाटा आहे, कारण सुटी टोपी असली की ती आणि गळा यांच्यातल्या फटीतून लाट आत घुसते. कानांसाठीही टोपी आवश्यक आहे. वर्षानुवर्षे गार पाणी आणि वारा कानात गेला की कानाच्या नळीतले हाड वाढू लागते आणि पुढे शस्त्रक्रियेची वेळ येते, हे इथल्या जुन्या सर्फरांना चांगलेच ठाऊक आहे. टोपीची झालर मात्र थोडी सैल आहे. डोके खाली करून लाटेखालून गेले की कपाळाभोवती कोणीतरी बर्फाची पट्टी आवळल्यासारखी कळ येते, आणि ती झालर दोन बोटे जास्त पुढे आली असती तर ही कळ बरीच कमी झाली असती.

आता हातांबद्दल, कारण खरी अडचण तिथेच आली. सूटबरोबर घेतलेले पाच मिलिमीटरचे हातमोजे त्याच कंपनीचे होते. दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, डोक्याहून थोड्या उंच लाटा येत होत्या आणि दक्षिणेचा हलका वारा होता. यापेक्षा चांगला दिवस मी थर्सोला पाहिलेला नाही. पहिल्या पाऊण तासात तीन लाटा मिळाल्या. चौथ्या लाटेवर मी पडले आणि पांढऱ्या फेसाखाली दोनदा उलथले, तेव्हा डाव्या हातमोज्याचे मनगट उलटले आणि मोजा पाण्याने भरला. वर आल्यावर मी बोर्ड ओढून घेतला, पण बोटे मिटेनात. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बाकीच्या हातापासून वेगळे झाल्यासारखे ताठ राहिले होते. पुढच्या सेटमधली पहिली लाट सरळ माझ्या दिशेने आली, मी वल्हवले, उठण्यासाठी बोर्डाच्या कडा धरायला गेले, आणि डावा हात कडेवर टिकलाच नाही. मी लाट सोडून दिली, नदीच्या मुखातल्या खोल पाण्याकडे वळले आणि तिथून सावकाश किनाऱ्याला लागले. धड त्या वेळीही उबदार होते, हे मुद्दाम नोंदवते. सूटने आपले काम केले होते, पण मनगटावरची बाही इतकी सपाट आणि गुळगुळीत आहे की हातमोजा तिच्यावर धरून राहत नाही. तिथे रबराची एक उंचवट्याची कड दिली असती, जशी इतर काही कंपन्यांच्या जाड सूटना असते, तर मोजा सुटला नसता.

किनाऱ्यावर आल्यानंतरच्या दहा मिनिटांत या सूटची दुसरी बाजू दिसते. जाड सूट अंगातून काढणे हे श्रमाचे काम आहे, आणि बोटे बधिर असताना छातीवरची चेन सरकवणे त्याहून कठीण जाते. चेनचा ओढा लहान आणि निसरडा आहे. मी त्याला बोटभर दोरीचा फास बांधला आहे, म्हणजे अंगठा अडकवून ओढता येतो. त्या दिवशी तो फास नसता तर मला कोणाची तरी मदत घ्यावी लागली असती. गाडीत मी नेहमी मोठे प्लास्टिकचे घमेले आणि थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवते. घमेल्यात उभे राहून सूट सोलला की पायाला दगडाचा गारठा लागत नाही आणि ओला सूट चिखलात पडत नाही. थर्मासमधले पाणी हातमोज्यात ओतले की तीन-चार मिनिटांत बोटे परत आपली होतात. पाणी कोमटच असावे, कढत नको, कारण बधिर बोटांना चटका कळत नाही.

मापाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण भारतीय बांध्याच्या स्त्रियांना इथेच सर्वांत जास्त अडचण येते. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. कंपनीच्या तक्त्यात छाती आणि कंबर ज्या मापात बसत होती, त्याच मापात पायांची लांबी चांगली चार बोटे जास्त होती, आणि पोटरीवर पडलेल्या त्या चुण्यांतून पाणी आत येत होते. मी तो परत करून त्याच मापाचा आखूड प्रकार मागवला आणि मग सूट त्वचेसारखा बसला. पुरुषांच्या सूटमध्ये असे आखूड आणि लांब प्रकार सर्रास मिळतात. स्त्रियांच्या जाड सूटमध्ये निवड फारच थोडी असते, आणि माझ्या मते थंड पाण्याकडे वळणाऱ्या मुलींना अडवणारे ते एक खरे कारण आहे. एक मिलिमीटर कमी जाडीचा पण अचूक बसणारा सूट आणि एक मिलिमीटर जास्त जाडीचा पण काखेत किंवा कमरेच्या मागच्या खळग्यात पोकळी सोडणारा सूट, यांतला पहिला डोळे मिटून घ्यावा.

जाडीची किंमत खांद्यांना मोजावी लागते. हातांना चारच मिलिमीटर असले तरी वल्हवताना प्रत्येक हात रबराच्या ताणाविरुद्ध पुढे न्यावा लागतो, आणि थर्सोला नदीच्या मुखातून बाहेर जाऊन पुन्हा पुन्हा लाट जिथे फुटू लागते त्या शिखराकडे परतण्याचे अंतर कमी नाही. पहिले पाच-सहा दिवस माझे खांदे रात्री ठणकत. नंतर रबर मवाळ झाले आणि मलाही सवय झाली. सूटमुळे शरीर पाण्यात जास्त तरंगते, त्यामुळे डक डाइव्हला बोर्ड खाली दाबायला अधिक जोर लागतो. जड अंगाच्या सर्फरला हे जाणवणार नाही, माझ्यासारख्या हलक्या अंगाच्या व्यक्तीला निश्चित जाणवते.

टिकाऊपणाबाबत माझे समाधान झालेले नाही. दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीलाच डाव्या गुडघ्यामागची शिवण बोटभर उघडली. मी दर वेळी सूट गोड्या पाण्यात धुते, सावलीत वाळवते, हँगरवर खांद्यांनी न टांगता कमरेतून दुमडून ठेवते, त्यामुळे ही माझ्या हयगयीची खूण नव्हती. कंपनीने हमीच्या मुदतीत दुरुस्ती फुकट करून दिली, आणि दुरुस्ती उत्तमही होती, पण त्यात पाच आठवडे गेले, आणि ते पाच आठवडे नोव्हेंबर-डिसेंबरचे होते, म्हणजे ज्या दिवसांसाठी सूट घेतला नेमके तेच. साडेतीनशे पौंडांहून अधिक किंमत घेणाऱ्या कंपनीने हिवाळ्यात दुरुस्तीला प्राधान्य द्यायला हवे किंवा तात्पुरता दुसरा सूट द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थर्सोला जाणाऱ्यांना हा सूट लागत नाही. तेव्हा पाणी बारा-तेरा अंशांवर असते, आणि ५/४ किंवा ज्यांना थंडी कमी वाजते त्यांना ४/३ पुरतो. सहा मिलिमीटरमध्ये त्या दिवसांत घाम फुटतो आणि वल्हवणे उगाच जड होते. डिसेंबर ते एप्रिल या काळात, रीफ ब्रेकचा, म्हणजे कातळावर फुटणाऱ्या लाटेचा, पुरेसा अनुभव असलेल्या आणि सोबतीला जोडीदार घेऊन जाणाऱ्या सर्फरला मी हा सूट घ्यायला सांगेन, दोन अटींवर. हातमोजे दुसऱ्या कंपनीचे, मनगटाला घट्ट बसणारे आणि शक्य तर तीन बोटांच्या साच्याचे घ्यावेत, कारण एकत्र ठेवलेली बोटे एकमेकांना ऊब देतात. दुसरे म्हणजे पहिल्यांदा तो सूट सँडसाइड किंवा डनेटसारख्या शेजारच्या उपसागरात, वाळूवर, घालून पाहावा. गळ्यातून, मनगटातून आणि गुडघ्यामागून पाणी कुठे शिरते ते तिथे कळते, आणि कळले तरी तिथून चालत बाहेर येता येते. मी स्वतः या हिवाळ्यासाठी सात मिलिमीटरचे बूट आणि तीन बोटांचे मोजे घेतले आहेत, आणि सूटच्या मनगटांवर रबराच्या दोन पट्ट्या चिकटवून घेतल्या आहेत. गेल्या आठवड्यात डनेटच्या वाळूवर त्यांची चाचणी घेतली, तेव्हा पन्नास मिनिटांत दोन्ही मोजे कोरडे राहिले.